नववा माणूस

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब महाबळेश्वरला जाऊन आलो. शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये सगळ्यांनी विचारले, "सर, काय काय पाहिले?" आम्ही म्हणालो, "पाणी पाहिले." सगळे हसले. पण वाचकहो, खरेच तेवढेच पाहिले, आणि ते पाहताना आमची जी फजिती झाली ती या महिन्यात तुम्हाला सांगायची आहे. फजिती आमच्यापुरती असती तर सांगितली नसती. आम्हाला वाटते, ती तुमच्याही घरात होत असेल, फक्त कोणाच्या लक्षात येत नसेल.

मानकोलीत आमच्या घरासमोर गोदामे आहेत. दिवसरात्र कंटेनर आणि ट्रेलर चालू असतात. तसे पाणीही लांब नाही, थोडे चालले की उल्हास नदीची खाडी लागते. भिवंडीत वऱ्हाळा तलाव आहे. मुलांना बोटीत बसवायचे झाले की आम्ही ठाण्याला तलावपाळीला नेतो. पायाने चालवायची बोट, अर्धा तास फेरी, परतताना पाणीपुरी. मुले खूश, खिसाही शाबूत.

या वेळी मात्र हट्ट मुलांचा नव्हता, अम्मींचा होता.

अम्मींचे माहेर चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठी. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटतात, पण अम्मींच्या लहानपणी वाशिष्ठीला भर मे महिन्यातही पाणी असायचे. त्यांचे वडील सांगत, "हे पाणी आपले नाही, घाटावरचे आहे. डोंगराच्या पोटातून येते." लहानग्या अम्मींना ती गोष्ट परीकथेसारखी वाटायची. पण ती अगदी खरी होती. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना दक्षिणेला वाहत जाते, मग पूर्वेला वळून कराडला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागराला जायचे. पाटण तालुक्यात कोयनानगरला तिच्यावर धरण बांधले आणि दरवर्षी सुमारे साडेसदुसष्ट टीएमसी पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवले. ते पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या वीजघरात झोत्रे फिरवते आणि नंतर वाशिष्ठीत सोडले जाते. १९६२ साली तिथे वीज तयार होऊ लागली. म्हणजे अम्मी नदीवर कपडे धुवायला आपल्या आईबरोबर जात, तेव्हा खरोखर घाटावरच्या पाण्यात कपडे धुतले जात होते.

दुसरी आठवण इतकी गोड नाही. २०२१ च्या बकरी ईदला अम्मी माहेरी होत्या. २१ जुलैला ईद झाली आणि २२ जुलैच्या पहाटे चिपळूणमध्ये पुराचे पाणी शिरले. मामांच्या घरात तळमजला पार बुडाला. सगळे वरच्या मजल्यावर, एका खोलीत चौदा माणसे, आदल्या दिवशीचे मटण खाली फ्रिजसकट पाण्यात. दुसऱ्या दिवशी रबरी बोट आली आणि अम्मींना खिडकीतून उचलून तिच्यात बसवले. अम्मी आयुष्यात बोटीत बसल्या त्या एवढ्या एकदाच. तेव्हापासून पावसाळ्यात पाण्याचा आवाज आला की त्या उठून बसतात.

तो पूर अतिवृष्टीचा होता, हे आम्ही त्यांना मास्तरकीच्या थाटात अनेकदा समजावले. पण त्यांच्या मनात वाशिष्ठीचे पाणी म्हणजे घाटावरचे पाणी. गेल्या रमजानमध्ये एकदा सहेरीला बसलेलो असताना त्या सहज म्हणाल्या, "ते पाणी माझ्या घरात येऊन गेलं. ते राहतं कुठं, ते एकदा बघायचंय." आम्ही "इन्शाअल्लाह" म्हटले आणि विसरलो. विसरली नाही ती आमची थोरली, यंदा दहावीला आहे. तिनेच नकाशा काढून दाखवला की कोयनेचे पाणी साठते तो शिवसागर जलाशय उत्तरेला थेट महाबळेश्वरच्या खालपर्यंत पसरला आहे आणि तापोळा नावाच्या गावातून तिथे बोटीने फिरता येते.

झाले. आपा आणि दुल्हाभाईंनाही विचारले. ते आपल्या मुलासह तयार झाले. आम्ही, बेगम, अम्मी, थोरली, सातवीतला मधला आणि पाच वर्षांची धाकटी. ते तिघे आणि आम्ही सहा, एकूण नऊ. हा आकडा लक्षात ठेवा.

पसरणी घाट चढून दुपारी महाबळेश्वरला पोहोचलो. मुलांना आधी वेण्णा तलाव हवा होता. हा तलाव १८४२ साली साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी गावाच्या पाण्यासाठी बांधवून घेतला, आता तो घोडे, मक्याची कणसे आणि बोटींच्या रांगा यांसाठी प्रसिद्ध आहे. सुट्टीची गर्दी होती. सव्वा तास रांगेत उभे राहून अर्धा तास बोटीत बसलो. अम्मी काठावर एका बाकावर बसल्या. त्यांच्या एका बाजूला चार पर्स, दुसऱ्या बाजूला सात जोडी चपला आणि मांडीवर सगळ्यांचे स्वेटर. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. आमच्या घरात सहलीला गेले की सामान अम्मींपाशी असते. हाजी मलंगच्या पायथ्याशी, माथेरानला, जुहूला, सगळीकडे असेच. फोटोंचे अल्बम काढून पाहा, अम्मी एकाही फोटोत नाहीत. सामान मात्र कधीही हरवलेले नाही.

दुसऱ्या दिवशी तापोळा. महाबळेश्वरपासून सुमारे तीस किलोमीटर, सगळा उतार आणि वळणे. एका वळणावर झाडी बाजूला झाली आणि खाली पाणी दिसले. डोंगरांच्या बोटांमधून पसरलेले हिरवे पाणी, कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळत नाही. गाडीतला गोंगाट थांबला. अम्मींनी खिडकीची काच खाली केली आणि गाव येईपर्यंत काही बोलल्या नाहीत.

तापोळ्यात बोटवाले बरेच आहेत. एका माणसाचे इतके असे सीटप्रमाणेही नेतात, नाहीतर पूर्ण बोट भाड्याने घेता येते. दुल्हाभाई म्हणाले, "पूर्ण बोट घेऊ. आपली माणसे, आपला निवांतपणा, परके कोणी नको." बायकांनाही ते बरे वाटले, बुरखा सावरत अनोळखी माणसांना खेटून बसायला नको. भावाची घासाघीस झाली. त्या कलेत दुल्हाभाई उस्ताद आहेत, कापडाच्या धंद्यात आयुष्य गेले. दोनशे रुपये कमी झाले. एक तासाची फेरी, त्रिवेणी संगमापर्यंत.

बोटवाले साठीच्या पुढचे, डोक्याला टॉवेल गुंडाळलेले. त्यांनी आमच्याकडे एकदा पाहिले, ओठ हलवत मोजले आणि म्हणाले, "तुम्ही नऊ जण हाय. बोट आठाची हाय."

"नववी ही छोटी," दुल्हाभाई धाकटीकडे बोट दाखवून म्हणाले. "मांडीवर बसेल."

"मांडीवरचं बी मोजतो आम्ही. पाण्यात पडल्यावर ते मांडीवर ऱ्हात न्हाई."

"अहो, पण पूर्ण बोट आम्ही घेतली ना? दुसरे कोणी बसणार नाही. मग तुमची अडचण काय?"

"बोट तुमची, पर भार बोटीलाच हुतोय न्हवं? आन् जाकिटं आठच हायती."

आता कबुली द्यायला हवी. या वादात आम्ही दुल्हाभाईंच्या बाजूने होतो. आम्ही, म्हणजे शाळेच्या सहलीत दर थांब्यावर मुले मोजणारे शिक्षक. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका बुडाल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसवली होती आणि सगळ्यांच्या अंगावर जॅकेट नव्हते. दुसऱ्या दिवशी शाळेच्या परिपाठात आम्ही त्यावर बोललो होतो. त्याच्या आदल्या वर्षी, ७ मे २०२३ ला, केरळात तानूरला पर्यटकांची दुमजली बोट संध्याकाळच्या अंधारात उलटली आणि बावीस जण गेले, एकाच कुटुंबातली कितीतरी माणसे त्यांत होती. तीही खच्चून भरलेली होती. हे सगळे आम्हाला पाठ. तरीही त्या दिवशी काठावर उभे राहून आम्ही म्हणालो, "काका, एकानं काय होतंय? पोरगी पंधरा किलोची आहे."

नंतर विचार केला तेव्हा लक्षात आले की हा 'पूर्ण बोट' या शब्दाचा परिणाम होता. एक सीट घेतली की आपण प्रवासी असतो, कोणी दटावले तर गप्प बसतो. सगळी बोट घेतली की आपण मालक होतो. लग्नाचा हॉल घेतला की लाउडस्पीकर आमचा, सुमो केली की टपावर सामान आणि आत चौदा माणसे आमची. पैसे मोजले की नियमही विकत घेतले असे वाटू लागते. बोटवाल्या काकांनी मात्र काही विकले नव्हते, फक्त बोट भाड्याने दिली होती.

ते हलेनात. तेव्हा एक क्षण शांतता पसरली. आणि वाचकहो, त्या क्षणात आम्ही सगळ्यांनी एकाच दिशेने पाहिले. कोणी काही बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती.

"तुम्ही जा," अम्मी म्हणाल्या. "मला कुठे पाण्याची हौस आहे? भीतीच वाटते. मी सामान सांभाळते."

आणि आम्ही ते मान्य केले! ही सहल ज्यांच्यासाठी काढली, ज्यांनी वर्षभर वाट पाहिली, त्यांना काठावर ठेवून आम्ही आठ जण जॅकेट चढवू लागलो. आमच्या मनाने कारणेही लगेच पुरवली. त्यांचे वय अडुसष्ट, गुडघे दुखतात, पुरानंतर धसका बसला आहे, त्यांच्याच भल्याचे आहे. पर्स, चपला, थर्मास, स्वेटर एकेक करून अम्मींच्या बाजूला जमा झाले. सवयीने.

काकांनी दोर सोडायला घेतला, थांबले आणि विचारले, "आजी न्हाई का येत?"

"त्यांना भीती वाटते," आम्ही म्हणालो.

"मग त्यास्नी मधी बसवा की. भ्या वाटतं त्या मानसानं मधी बसावं."

ही साधी गोष्ट आमच्या बीएडच्या डोक्यात आली नव्हती. भीती वाटते म्हणून माणसाला मागे ठेवायचे, की भीती वाटते म्हणून त्याला मधे बसवायचे? आम्ही उत्तर शोधत होतो, तोवर थोरलीने जॅकेटचे बक्कल काढले. "माझ्या जागी दादी येतील," ती म्हणाली आणि बोटीतून उतरली. तिचे सर्वांत जास्त लक्ष या फेरीकडे होते. तिने नकाशा काढला होता, संगमावर कोणत्या तीन नद्या मिळतात ते पाठ केले होते. तिचा बाप मात्र अजून फळीवर बसून होता.

आम्ही उतरलो. बेगमही उतरल्या. आपांचे डोळे भरून आले, त्याही उतरायला निघाल्या. अशाने बोट रिकामी झाली असती. शेवटी काकांनीच तोड सुचवली. दोन फेऱ्या करा. पहिल्या फेरीत चार, दुसऱ्यात पाच. फेरी थोडी छोटी, पैसे दीडपट. दुल्हाभाईंनी या वेळी घासाघीस केली नाही. जास्तीचे पैसे किती झाले, तर सकाळी बाजारात स्ट्रॉबेरीचा जॅम, चिक्की आणि लाकडी खेळणी घेतली होती, त्याहून कमी. तेवढ्यासाठी आम्ही अम्मींना काठावर ठेवणार होतो.

आपा, दुल्हाभाई, भाचा आणि मधला गेले. आम्ही काठावर एका झाडाखाली सतरंजी टाकली, जोहरची नमाज अदा केली आणि डबे उघडले. पाण्याकडे पाहत अम्मी बोलू लागल्या. बऱ्याच दिवसांनी त्यांचे बोलणे आम्ही मधेच न तोडता ऐकले. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट त्यांना आठवत होती. तेव्हा त्या दहा वर्षांच्या होत्या. फळीवरची भांडी खाली आली, कौले निखळली, वडिलांनी दोन भावंडांना दोन काखांत धरून अंगणात आणले. तो कोयनेचा भूकंप. धरण पूर्ण होऊन चारच वर्षे झाली होती. कोयनानगर आणि आसपास जवळजवळ दोनशे माणसे गेली. धरणाच्या साठ्यामुळे भूकंप होऊ शकतो का, याचा अभ्यास करणारे जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचे उदाहरण देतात. अम्मींच्या घरचे आठ दिवस अंगणात झोपले. "थंडी होती, पण आम्हा पोरांना मजा वाटायची," त्या म्हणाल्या. "मोठी माणसं का रडतात ते कळत नव्हतं."

बोट परत आली. आता आमची पाळी.

जॅकेटवरून पुन्हा थोडे झालेच. अम्मी म्हणाल्या, "मला कशाला हे? अल्लाह निगेहबान आहे." थोरलीने त्यांच्यासमोर बसून बक्कल लावत म्हटले, "दादी, आधी उंट बांधायचा, मग भरवसा ठेवायचा. तुम्हीच शिकवलंय." अम्मींना उत्तर सुचले नाही. बुरख्याचा घेर पायात येऊ नये म्हणून बेगमनी तो गुडघ्यापाशी नीट दुमडून दिला, ओढणीची टोके जॅकेटच्या आत घेतली. धाकटीला काकांनी वेगळे छोटे जॅकेट काढून दिले आणि त्याचा पट्टा पायांमधून घेऊन ताणून पाहिला. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात मूल खालून निसटते आणि जॅकेट तेवढे वर तरंगते, असे ते म्हणाले. आम्ही इतक्या सहली नेल्या, हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

अम्मींना मधे बसवले. एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला आम्ही. मोटर सुरू झाली तशी त्यांनी आमचे मनगट धरले. नखे रुतली. आम्ही लहान असताना भिवंडीच्या बाजारात त्या आमचे मनगट असेच धरत.

काठ मागे गेला. दोन्ही बाजूंचे डोंगर पाण्यात उतरत होते. समोरून एक तराफा चालला होता, त्यावर एक जीप, दोन मोटारसायकली, दुधाचे कॅन आणि शाळेचे दप्तर घेतलेली दोन मुले. पलीकडच्या काठच्या गावांना दवाखाना, बाजार, तालुका सगळे पाणी ओलांडूनच आहे. आम्हाला जी सहल होती, ती त्या मुलांची रोजची वाट होती. कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्या जिथे मिळतात तिथे काकांनी मोटर बंद केली. "आवाज बंद केल्याबिगर तळं कळत न्हाई," ते म्हणाले.

मोटर थांबली आणि इतकी शांतता झाली की धाकटीही कुजबुजू लागली. मानकोलीत आम्ही अशी शांतता कधी ऐकलेली नाही. रात्री तीन वाजताही ट्रेलर मागे घेताना भोंगा वाजतच असतो.

"खोल किती आहे?" थोरलीने विचारले.

"आमचं शेत हाय खाली," काका म्हणाले. ते उत्तर खोलीचे होते की आणखी कशाचे, आम्हाला कळले नाही. मग ते सांगत गेले. त्यांच्या आजोबांची भातखाचरे या पाण्याखाली आहेत. घर, गोठा, आंब्याची दोन झाडे. धरण झाले तेव्हा गावातली काही माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी लांब पांगली, काही वर सरकून डोंगराच्या उतारावर राहिली. त्यांचे घर वर सरकले. उन्हाळ्यात पाणी उतरले की काही घरांची जोती उघडी पडतात, तेव्हा म्हातारी माणसे जाऊन बघून येतात.

अम्मींनी आमचे मनगट सोडले होते. त्या काकांकडे वळून बसल्या. "विहीर होती का घरापाशी?"

"व्हती की. गोड पाणी. ती बी खालीच."

अम्मी पाण्याकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "आमच्याकडं खाली नदीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. आम्हाला वाटायचं, आमचं नशीब."

"तुमचं चिपळूण का?" काका हसले. "मग आमचंच पाणी तुमच्याकडं. आन् लाइट सगळ्या म्हाराष्ट्राला. आमच्या वस्तीवर ती लई उशिरा आली."

त्यात राग नव्हता. इतक्या वेळा सांगून झालेल्या गोष्टीत राग उरत नसावा. अम्मी आमच्याकडे वळून म्हणाल्या, "म्हणजे तुझ्या अब्बांचा लूम याच पाण्यावर चालायचा म्हण की." अब्बा हयातभर भिवंडीत लूमवर होते. लाइट गेली की लूम बंद, लूम बंद की मजुरी बंद, आणि लाइट आली की गल्लीतून एकदम खडखडाट सुरू व्हायचा, पोरे टाळ्या वाजवायची. त्या विजेत कोयनेचा वाटा किती, हे कोणी मोजून सांगणार नाही. पण होता खरा. कोयनेला महाराष्ट्राची भाग्यरेषा म्हणतात, हे आम्ही भूगोलाच्या तासाला वर्षानुवर्षे फळ्यावर लिहितो. धरणाची उंची १०३ मीटर, साठा सुमारे १०५ टीएमसी, हे मुलांकडून पाठ करून घेतो. त्या १०५ टीएमसीच्या खाली एक गोड पाण्याची विहीर आहे, हे पुस्तकात नव्हते.

परतताना अम्मींनी काकांना विचारले, "पाण्याला हात लावला तर चालेल?" काकांनी बोटीचा वेग अगदी कमी केला, आम्हाला दुसऱ्या बाजूला सरकून बसवले, म्हणजे भार सारखा राहील, आणि मग म्हणाले, "आता लावा." अम्मींनी बोटे बुडवली. चार वर्षांपूर्वी खिडकीतून ज्या पाण्यावर त्यांना उतरवले होते त्याला त्यांनी आज आपणहून हात लावला. त्या काही बोलल्या नाहीत. ओला हात तोंडावरून फिरवला, जॅकेटला पुसला आणि विचारले, "मुलांनी जेवण नीट केलं का?"

त्या दिवशीचा एक फोटो आमच्याकडे आहे. केशरी जॅकेट घातलेल्या अम्मी मधोमध बसल्या आहेत. फोटो थोरलीने काढला, त्यामुळे ती त्यात नाही. पुढच्या सहलीला ते ध्यानात ठेवायचे आहे.

आता ज्यांना तिकडे किंवा आणखी कुठे बोटीने जायचे आहे, त्यांच्यासाठी चार गोष्टी, आमच्या फजितीतून निघालेल्या. भाव ठरवण्याआधी बोट किती माणसांची आहे आणि जॅकेट किती आहेत, हे विचारा. त्या आकड्यात मांडीवरचे मूलही धरा. माणसे जास्त असतील तर दोन फेऱ्यांचे पैसे घरूनच वेगळे ठेवा, म्हणजे काठावर कोणाच्या तोंडाकडे बघावे लागणार नाही. जमले तर सकाळची वेळ घ्या, कारण दुपारनंतर मोठ्या जलाशयांवर वारा उठतो. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी उजनी जलाशयात वादळी वाऱ्याने बोट उलटली आणि सहा जण बुडाले, तीही नेहमीच्या वाटेवरची बोट होती. फोटोसाठी बोटीत उभे राहू नका, सगळे एका बाजूला जमू नका. बोटींची नोंदणी आणि तपासणी व्हावी यासाठी २०२१ साली देशात अंतर्देशीय जलयानांचा नवा कायदा झाला आहे, त्यामुळे बोटीची नोंदणी झाली आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि एखादा बोटवाला एका माणसासाठी अडून बसला, तर त्याच्याशी भांडू नका. त्याचे आभार माना. आम्हाला ते काठावर सुचले नाही, निघताना सुचले. काकांनी ते ऐकले आणि म्हणाले, "रोज कुणीतरी भांडतंयच. सवय हाय."

आमच्या शाळेची यंदाची सहल जानेवारीत आहे. बोटिंग ठेवायचे की नाही यावर चर्चा चालू आहे. आम्ही ठेवा असे म्हटले आहे. मात्र बोट ठरवायला आधी आम्ही स्वतः जाऊन येणार आणि जॅकेट हाताने मोजणार. आणखी एक अट घातली आहे. दरवर्षी सहलीत सामानापाशी कोणाला बसवतो? शाळेच्या मावशींना. यंदा त्याही एका फेरीत असतील आणि त्या वेळी सामानापाशी आम्ही बसू.

परत आल्यावर पहिल्या रविवारी आपांकडे डोंबिवलीला निघालो होतो. पूर्वी कल्याणला वळसा घालावा लागायचा. २०२४ पासून मानकोलीहून खाडीवरचा नवा पूल झाला, आता दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे. पुलाच्या मध्यावर अम्मींनी काचेतून खाली पाहिले. भरतीची वेळ होती, खाडी काठोकाठ होती.

"ही नदी कुठून येते?" त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले की ही उल्हास, बोरघाटाच्या बाजूच्या डोंगरांतून येते. शिवाय मावळात ठोकरवाडीला धरण आहे, तिथले पाणी घाटावरून खाली आणून भिवपुरीला वीज करतात आणि मग याच नदीत सोडतात. १९२२ पासून.

"म्हणजे हेही घाटावरचंच," अम्मी म्हणाल्या. "तिथंही कुणाचं शेत असेल खाली."

"असेल, अम्मी."

मागून थोरली म्हणाली, "दादी, तिकडेही जाऊ या का एकदा?"

अम्मींनी पुन्हा एकदा खाली पाण्याकडे पाहिले. "जाऊ," त्या म्हणाल्या. "पण बोट किती माणसांची असते, ते आधी विचारा."